पाटी उकलताना

ब्लायनायच्या वाचनालयात मंगळवारी दुपारी
चार जुने संगणक, एक हीटर, शिकणारे सहा.
इद्वाल सगळ्यांत मागे बसतो, दाराजवळ,
म्हणजे पळता येतं.

वय शहात्तर. त्यातली चाळीस वर्षं
खाणीत पाटीचा दगड उकलण्यात गेली.
त्याच्या पंजाखाली माऊस दिसेनासा होतो.
'दोनदा दाबा, पटकन,' मी सांगते.
तो दाबतो एकदा, जरा थांबतो,
मग पुन्हा एकदा,
दारावर टकटक करून
आतून कुणी येतंय का बघावं, तसा.
टेबल संपलं की माऊस उचलून हवेत धरतो.
मी हसत नाही.
पहिल्या आठवड्यात हसले होते,
ते त्याने ऐकलं होतं.

त्याचं काम एकच.
छातीत बसलेल्या धुळीचा अर्ज
आता कागदावर घेत नाहीत.
त्यात एक रकाना आहे,
'धुळीशी पहिला संबंध : दिनांक'.
तो रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही.
'पहिला संबंध,' इद्वाल म्हणतो,
'बापाचा कोट. त्याच्यावर मी झोपायचो.'
त्याला तारीख कुठली?
रकाना लाल होतो.

त्या दिवशी पाच वाजत आले होते.
बस चुकणार होती,
आणि तिसऱ्यांदा सगळं पुसलं गेलेलं.
'द्या इकडे,' म्हणत मी
त्याच्या हाताखालून माऊस काढून घेतला.
टक टक टक. दहा सेकंद.
'बघितलंत? सोपं आहे.'
त्याने हात मांडीवर ठेवले, एकावर एक,
प्रवचन लांबलं की चॅपलमध्ये ठेवतात तसे.
'हो,' म्हणाला. 'तुला सोपं आहे.'

पुढच्या मंगळवारी आला नाही.
त्याच्या पुढच्याही.
तिसऱ्याला आला, तो पिशवी घेऊन:
लाकडी हातोडा, रुंद छिन्नी,
आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले निळे दगड.
वाळले की उकलत नाहीत, म्हणाला.
टेबलावर जुनी मासिकं पसरली
आणि छिन्नी माझ्या हातात दिली.

पहिला दगड मी फोडला. म्हणजे फोडलाच.
दुसऱ्याचा टवका हीटरवर जाऊन आदळला.
तिसरा. चौथा.
ग्वेनेरिसबाई टाइप करायच्या थांबल्या.
माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.
त्याचा हात दोनदा उठलेला मी पाहिला,
माझ्या मनगटापर्यंत आला
आणि मागे गेला.
तो खोकला. खोकला ओसरेपर्यंत मीही थांबले.
'कड बोटाने बघ आधी,' एवढंच म्हणाला,
'दगडाला कुठे जायचंय?'

नववा उकलला.
आवाज जवळजवळ नाहीच,
कुणी शेजारी वहीचं पान उलटावं इतका.
आत दोन कोऱ्या पाट्या,
कधीच उजेड न पाहिलेल्या.
इद्वाल शाबास म्हणाला नाही.
फक्त पुढचा दगड सरकवला.

आता मी हात पाठीशी बांधून उभी राहते.
'सोपं' हा शब्द वर्गात वापरत नाही;
तोंडात येतो, गिळते.

आज तो पासवर्ड लिहितोय, एका बोटाने.
अक्षरांच्या जागी काळे ठिपके.
'गेली कुठे?'
'आहेत आतच. बाहेरच्याला दिसत नाहीत.'
'अच्छा,' तो म्हणतो, 'धुळीसारखी.'

मग तो रकाना.
माझी बस खालच्या वळणावर गिअर बदलते,
मी ऐकते, जाऊ देते.
इद्वालचं बोट कळफलकावर फिरतंय,
दगडाची कड बघावी तसं.
एक सापडला.
'नऊ कुठे ठेवलाय?'
मला दिसतोय. त्याच्या बोटापासून
दोन कळा उजवीकडे.
'वरच्या रांगेत,' मी म्हणते,
आणि पाठीमागे
माझाच एक हात दुसऱ्याने घट्ट धरून ठेवते.